जुन्या शहराची पायी वारसा फेरी : पैठण गेट ते पाणचक्की. आखणी तपासून द्या

पायवाट

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पायी फेरी सुरू करायची आहे. पहिल्या आखणीचा कच्चा खर्डा देतोय. चुका काढा, कापाकापी करा.

मार्ग : पैठण गेट – टिळक पथ – गुलमंडी – मछली खडक – सिटी चौक – जुना बाजार – भडकल गेट – घाटी रुग्णालयाच्या बाजूने पाणचक्की – महमूद दरवाजा – मकाई गेट – बीबी का मकबरा – सोनेरी महल – औरंगाबाद लेण्यांचा पायथा.
वेळ : सकाळी ८ ते ११.
माणसं : ४० पर्यंत.
बोलायचं काय : ५२ दरवाजांचं शहर, औरंगजेबाने बांधलेला कोट आणि दरवाजे, मलिक अंबरची पाणचक्की, दख्खनचा ताज म्हणजे बीबी का मकबरा.
साहित्य : हातातला छोटा स्पीकर, प्रथमोपचार पेटी, पाण्याच्या बाटल्या.

खामकाठ

पायवाट दादा, उपक्रमाला मनापासून शुभेच्छा. मार्गाची दिशा बरोबर आहे, दक्षिणेकडून शहरात शिरून पश्चिमेला नदीवर बाहेर पडायचं. पण ही एक फेरी नाही, तीन फेऱ्या आहेत.

पैठण गेट ते पाणचक्की तीन किलोमीटरच्या आसपास पडतं. एकटा माणूस हे चाळीस मिनिटांत चालतो. पंचवीस जणांचा घोळका रस्ते ओलांडत, मागच्यांची वाट बघत चालला की निव्वळ चालण्यालाच तास-सव्वा तास जातो. थांबे धरले तर अडीच तास इथेच संपले. त्यापुढे मकबऱ्याला किमान एक तास हवा. सोनेरी महल आणि लेणी तर पूर्णपणे काढाच, त्यांची सकाळ वेगळी.

माझं मत : फेरी पाणचक्कीला संपवा. ज्यांना मकबरा बघायचा आहे त्यांनी तिथून रिक्षाने जावं आणि तो भाग ऐच्छिक ठेवावा.

वेळही चुकली. आठला निघालात तर भडकल गेटला पोचेपर्यंत वाहतूक अंगावर येते आणि कमानीखाली एक शब्द ऐकू जात नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पावणेसात, मार्चपासून सहा. एप्रिल-मे मध्ये फेरी ठेवूच नये, मराठवाड्याच्या उन्हात नऊनंतर दगड तापतो आणि लोकांचं लक्ष सावलीकडेच राहतं.

चुनखडी

इतिहासाच्या दोन दुरुस्त्या आधी करून घ्या, नाहीतर पहिल्याच फेरीत कुणीतरी जाणकार उठून बोलेल.

१. सगळे दरवाजे औरंगजेबाचे नाहीत. खडकी गावाला मलिक अंबरने १६१० मध्ये राजधानीचं रूप दिलं. भडकल गेट १६१२ चं, मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून उभारलेलं. औरंगजेबाने शहराभोवती तटबंदी घातली ती १६८२ मध्ये. म्हणजे भडकल गेट तटाच्या सत्तर वर्षं आधीचं आहे. ते कोटाचं दार म्हणून जन्मलंच नाही, विजयाची कमान म्हणून जन्मलं. ही एक गोष्ट नीट सांगितली तर पैठण गेट आणि भडकल गेट यांत लोकांना स्वतःहून फरक दिसायला लागतो.

२. पाणचक्की मलिक अंबरची नाही. त्याची नहर-ए-अंबरी, म्हणजे शहराला जमिनीखालून पाणी आणणारा कालवा, वेगळी. पाणचक्कीचं पाणी आणि ती चक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसराशी जोडलेली, अठराव्या शतकातली. अंबर वारला १६२६ ला. मधे शंभर वर्षांचं अंतर आहे. दोन्ही नहरी एकच समजल्या जातात ही शहरातली सर्वांत पसरलेली चूक आहे, रिक्षावाल्यापासून शाळेच्या सहलीपर्यंत.

आणि '५२ दरवाजे' म्हणताना सांभाळून. त्या आकड्यात मोठे दरवाजे, छोटे दरवाजे आणि खिडक्या सगळं धरलेलं असतं. आज उभे असलेले त्याच्या पाव भागाच्या आसपास. लोक मोबाईलवर मोजायला लागतात, म्हणून आधीच सांगून टाकावं.

पायवाट

खामकाठ दादा, चुनखडी सर, दोन्ही मान्य. सोनेरी महल आणि लेणी काढली. मकबरा ऐच्छिक. वेळ पावणेसात.

शहराच्या नावाचं काय करावं? दर वेळी त्यावरच वाद सुरू होईल अशी धास्ती आहे.

गोदाकाठ

ज्या काळाबद्दल बोलताय त्या काळाचं नाव वापरा. १६१० ला खडकी. अंबरचा मुलगा फतेहखान याच्यावरून फतेहनगर. औरंगजेब १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असताना औरंगाबाद. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पैठण गेटलाच ही चार नावं सालासकट सांगून टाकायची, पुढे कुणी अडवत नाही. उलट लोक नंतर स्वतःच विचारतात, "मग हे खडकीच्या काळातलं का?" तिथे फेरी जिंकली.

सहल_ताई

शाळांच्या सहली नेते, त्या अनुषंगाने काही व्यवहारातल्या गोष्टी.

४० माणसं एका मार्गदर्शकाला झेपत नाहीत. २० ही मर्यादा ठेवा, फार तर २५. पुढे एक, शेवटी एक. शेवटचा माणूस बोलका नको, सावध हवा. मछली खडकच्या गल्लीत पुढचे वळले की मागच्यांना दिसत नाहीत आणि अर्धे जण सराफ्याकडे निघून जातात. प्रत्येक वळणावर पुढच्याने थांबायचं, शेवटचा दिसला की मगच निघायचं.

स्वच्छतागृहाचा विचार सगळ्यात आधी करा. पैठण गेट ते भडकल गेट या पट्ट्यात बायकांसाठी भरवशाची सोय सकाळी सातला उघडी सापडत नाही. फेरीच्या दोन दिवस आधी त्याच वेळी जाऊन कोणतं हॉटेल उघडतं आणि आत जाऊ देतं हे बघून, त्यांना सांगून ठेवा. चहाचा थांबा तिथेच ठेवा. फेरी मधेच सोडून जाणाऱ्या बायकांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, कंटाळा नाही. ते कुणी बोलून दाखवत नाही एवढंच.

पाणचक्कीत दर्गा आणि मशीद आहे. ओढणी किंवा रुमाल, आणि काढता-घालता येतील अशी पादत्राणं, हे आधीच्या संदेशातच कळवा. शुक्रवार टाळायचा.

खामकाठ

ताईंना अनुमोदन. तारखांचं पण बघून घ्या. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दिवशी भडकल गेटजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादनासाठी मोठी गर्दी असते. १४ जानेवारीला नामविस्तार दिनामुळे विद्यापीठाकडचा रस्ता भरलेला. अनंत चतुर्दशीला राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून मिरवणूक निघते, तेव्हा जुन्या शहरात फेरी शक्यच नाही. जवळच्या रविवारी सुद्धा मंडपांमुळे टिळक पथ अर्धाच उरतो.

चुनखडी

आता दरवाजा 'वाचायचा' कसा यावर थोडं सविस्तर, कारण बहुतेक फेऱ्यांत दरवाजासमोर उभं राहून साल सांगतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. मग सगळे दरवाजे सारखेच वाटतात.

पैठण गेटला सगळ्यांना आधी बाहेर, म्हणजे दक्षिणेच्या अंगाला उभं करा. पैठणहून आलेला माणूस जे बघायचा ते बघू द्या. मग विचारा, वर कोण उभं असेल आणि ते कुठून बघत असतील? चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे) दिसतात, जंग्या (मारा करायची भोकं) दिसतात, कमानीचा टोकदार आकार दिसतो. नंतर आत घेऊन मागे वळायला लावा. बाहेरची बाजू लढायची, आतली बाजू राहायची. देवडी कुठे, पहारेकरी कुठे बसत असतील, हे आतूनच कळतं. दोन्ही बाजू न दाखवता दरवाजा सांगू नये.

दुसरं, दुरुस्तीच्या खुणा. दगडांच्या मधल्या सांध्यांकडे, म्हणजे दर्जांकडे बघायला सांगा. जुनी दर्जा चुन्याची : मऊसर पांढरी-पिवळट, दगडाच्या पातळीत किंवा किंचित आत. नंतरची सिमेंटची : राखाडी, दोरीसारखी वर आलेली. सिमेंटच्या दर्जेशेजारी दगडाच्या कडेला पांढरा खार फुटलेला आणि पापुद्रे सुटलेले दिसतात का ते बघायचं.

कारण साधं आहे. भिंतीत पावसाचं पाणी शिरतंच. चुना ते पाणी आपल्यातून बाहेर सोडतो. सिमेंट वाट अडवतं, मग पाणी दगडातून निघतं आणि सोबत आणलेले क्षार दगडाच्या तोंडाशी ठेवून जातं. क्षार सुकताना फुगतात आणि पापुद्रा उडतो. दर्जेतलं सिमेंट तसंच राहतं आणि झिजतो दगड. घाणीत मळलेला चुना महाग पडतो, त्याला वेळ लागतो, पण खराब व्हायची तर दर्जा व्हावी, दगड नको, हे त्यामागचं शहाणपण.

तिसरं, पिंपळ. सांध्यात उगवलेला पिंपळ वरून छाटला की लोकांना काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात फांदी गेली की मुळी जाड होत जाते आणि चिरा ढकलते. दरवाजावर छाटलेलं खोड आणि त्याला फुटलेली नवी पालवी दिसली तर नक्की दाखवा.

भडकल गेटला रस्त्याच्या मधोमध कमानीखाली घोळका थांबवू नका. बाजूला जागा निवडा, सूर्य तुमच्या पाठीशी असेल अशी. नाहीतर वीस जण डोळ्यांवर हात धरून ऐकत राहतात आणि कुणालाच कमान दिसत नाही.

बेगमपुरा

महमूद, मकाई आणि बारापुल्ला हे तीन दरवाजे एकत्र समजावून सांगा. प्रत्येकाला लागून खाम नदीवरचा आपापला जुना पूल आहे. शहराची पश्चिम बाजू नदीची, त्यामुळे दार आणि पूल ही एकाच बांधणीची दोन अंगं. नदी हाच खंदक. बारापुल्ला नावातच पूल आहे.

पण महमूद दरवाजाच्या पुलावर घोळका उभा करू नका, जागा चिंचोळी आहे. पाणचक्कीच्या आवाराजवळून दरवाजा आणि पूल दोन्ही दाखवता येतात.

पायवाट

चुनखडी सर, दर्जांचं हे फारच कामाचं. एवढं सगळं पैठण गेटलाच सांगू की वाटून घेऊ?

चुनखडी

वाटून. पैठण गेटला आत-बाहेर, भडकलला दर्जा आणि पिंपळ. एका ठिकाणी एकच गोष्ट. पैठण गेटला १५ मिनिटं, भडकलला २५.

पाणीपुरवठा

पाणचक्कीबद्दल लिहितो, कारण तिथे सर्वांत जास्त चुकीचं सांगितलं जातं. "डोंगरातून पाणी वर कसं चढतं हे आजही कोडं आहे" असं म्हणतात. कोडं अजिबात नाही.

उत्तरेच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालून नळांनी आणलेलं आहे. उगम उंच, पाणचक्की खाली. मधे जमीन खाली-वर असली तरी बंद नळातलं पाणी उगमाच्या पातळीच्या जवळपास पुन्हा चढतं. म्हणून ते भिंतीच्या माथ्यापर्यंत येतं आणि तिथून हौदात पडतं.

हे तोंडाने सांगू नका, दाखवा. गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पारदर्शक नळी, दोन मीटर. दुकानात थोड्या पैशांत मिळते. आदल्या दिवशी घरी करून बघा.

– दोन्ही टोकं वर धरून नळी 'उ'सारखी लोंबू द्या. दोन-तृतीयांश पाणी भरा. पाण्यात चिमूटभर हळद टाका, म्हणजे लांबून दिसतं.
– एक टोक तुमच्याकडे, दुसरं फेरीतल्या एखाद्या मुलाकडे द्या. त्याला टोक हळूहळू खाली न्यायला सांगा. एका ठिकाणी पाणी बाहेर पडायला लागतं. तुमच्या हातातल्या पातळीच्या खाली त्याचं टोक गेलं, एवढंच घडलेलं असतं. तुमचं टोक डोंगर, त्याचं टोक पाणचक्की.
– आता खरी गंमत. नळीत मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा राहू द्या. दोन्ही पातळ्या जुळत नाहीत. कोणताही गवंडी सांगेल, बुडबुडा असेल तर लेव्हल खोटी येते. नळी टिचकीने झटकली, बुडबुडा वर निघून गेला की पातळ्या जुळतात.

नहरींच्या वाटेवर विटा-चुन्याचे उंच मनोरे उभे दिसतात ते याच कामासाठी. कोंडलेली हवा तिथून सुटते आणि दाब वाढून नळ फुटायचा धोका कमी होतो. मुलांना हे एकदा हातात धरून कळलं की ती पुढे रस्त्यात कुठेही असा मनोरा दिसला की स्वतः बोट दाखवतात.

बिघडतं काय? नळाला मधे कुठेही भगदाड पडलं की वर चढण्यासाठी लागणारा दाब तिथेच वाया जातो, शेवटच्या टोकाला धार बारीक होते. पायासाठी खोदकाम, बोअर, झाडांची मुळं, साचलेला गाळ आणि चुनखडीचा थर ही नेहमीची कारणं. उन्हाळ्यात धार क्षीण असते. त्यामुळे जाहिरातीत "चालू पाणचक्की" असं लिहू नका. पावसाळा संपल्यावरचे महिने सर्वांत चांगले.

चक्कीकडे लोक खालपर्यंत बघत नाहीत. चित्रातल्या पाणचक्क्यांत चाक उभं असतं. इथे पाती आडव्या चाकाला आहेत आणि त्याचा आस उभा. पाण्याचा झोत पात्यावर आदळतो, आस फिरतो आणि वरचा दगड सरळ फिरतो. मधे दातेरी चाकं नाहीत, म्हणून बिघडायला फार काही नाही. दर्ग्यातले शिष्य, फकीर आणि वाटसरू यांच्यासाठी इथे दळण व्हायचं.

आणि मोठा हौद दाखवाल तेव्हा हेही सांगा की त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. डोक्यावर पाणी, म्हणून खोली थंड. एवढं वजन आणि ओल पेलणारं छत तेव्हाच्या गवंड्यांनी चुन्यात केलंय.

सहल_ताई

नळीचा प्रयोग फार आवडला. एकच जोड : मशिदीच्या समोर नको, वडाखाली करा. तिथे सावली आणि बसायला जागा दोन्ही आहे. शिवाय दर्ग्यात आलेल्यांच्या वाटेत आपण येत नाही.

ताणाबाणा

गुलमंडीच्या थांब्यावर हिमरूबद्दल पाच मिनिटं बोलाल का? शहराची ओळख दरवाजांएवढीच या कापडाची आहे. ताणा (उभे धागे) सुती, बाणा (आडवे धागे) रेशमी. किनखाबाला, म्हणजे जरीच्या भारी रेशमी कापडाला, परवडणारा पर्याय म्हणून वाढलेलं विणकाम. दोन वितींचा एक तुकडा पिशवीत ठेवा आणि लोकांना उलट बाजू दाखवा. हातमागाच्या हिमरूत नक्षीचे जादाचे धागे पाठीमागे मोकळे सुटलेले असतात, अस्तरासारखा मऊ थर होतो, त्याने ऊब येते. छापील किंवा नकली मालाची पाठ सपाट असते. खरेदीला गेलेल्या माणसाने आधी कापड उलटून बघावं. लोक हिमरू आणि पैठणी यांतही गल्लत करतात, तेवढं स्पष्ट करा.

फेरीच्या मधे दुकानात मात्र नेऊ नका. वेळ जातो आणि फेरीच्या हेतूबद्दल शंका येते.

गोदाकाठ

खाण्याचंही तसंच. गुलमंडीला चहा-पोहे पुरे. नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) हवंच असेल तर फेरी संपल्यावर ज्याने त्याने. तुघलकाच्या काळाशी त्याचा संबंध सांगतात, तो 'परंपरेने सांगतात' एवढ्याच शब्दांत सांगा.

बेगमपुरा

मकबरा ऐच्छिक ठेवलाय तर त्याचंही नीट व्हावं, म्हणून लिहितो.

तिकीट भारतीयांना २५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. फाटकावर सगळे एकदम मोबाईल काढतात आणि नेटवर्क अडकलं की पंधरा मिनिटं जातात. आदल्या रात्री ऑनलाइन काढून ठेवा. ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची वास्तू आहे, आत पैसे घेऊन मार्गदर्शन करायचं तर परवानाधारक मार्गदर्शकच लागतो. तुमच्याकडे परवाना नसेल तर तिथला परवानाधारक ठरवा, त्याचं मानधन वर्गणीत धरा. तिपाई परवानगीशिवाय चालत नाही.

'दख्खनचा ताज' म्हणून सुरुवात करू नका. मग पूर्ण वेळ ताजपेक्षा काय कमी एवढंच बघितलं जातं. प्रवेशद्वारापासून सुरू करा. दारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय ही नावं आहेत, एक वास्तुकार, एक अभियंता. कारागिरांची नावं अशी दारावर क्वचित मिळतात. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ताजसारखं का दिसतं याचं उत्तर इथेच आहे.

मग चौथऱ्यावर गेल्यावर संगमरवराची हद्द शोधायला लावा. खाली साधारण छातीच्या उंचीपर्यंत संगमरवर, तिथे आडवी रेघ, वर काळ्या दगडावर घोटीव गिलावा, आणि घुमट परत संगमरवरी. लांबून सगळं एकसारखं पांढरं दिसतं, दोन फुटांवरून फरक कळतो : संगमरवरात शिरा आहेत, गिलाव्यात बारीक भेगा. हात लावू द्यायचा नाही, घामाने गिलावा काळवंडतो. खर्चाचा जुना आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदलेला आहे. त्या आकड्यानंतर ही रेघ दाखवली की लोक काटकसरीबद्दल आपोआप बोलायला लागतात.

चुनखडी

बेगमपुरा सरांच्या मुद्द्यात एक भर. मकबऱ्याच्या छापील माहितीत "१६५१ ते १६६१, शहजादा आझमशहाने आईसाठी बांधला" असं असतं. दिलरस बानू बेगम, म्हणजे औरंगजेबाची बायको आणि आझमशहाची आई, वारली १६५७ मध्ये. आझमशहा जन्मला १६५३ मध्ये. म्हणजे त्या हिशोबाने काम आईच्या मृत्यूच्या सहा वर्षं आधी आणि बांधणाऱ्याच्या जन्माच्या दोन वर्षं आधी सुरू झालं! सन वाचून पुढे जाऊ नका. हे तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवा आणि लोकांना विचार करू द्या. आझमशहाचं नाव जोडलं गेलं असलं तरी सुरुवातीचा हुकूम आणि पैसा बापाकडूनच, म्हणजे औरंगजेबाकडूनच आला असणार, हे कुणीही हिशेब करून सांगू शकतं.

कबर खालच्या पातळीवर आहे, वरून अष्टकोनी कठड्याआडून बघायची. तिथे बोलायचं नाही. जे सांगायचं ते चौथऱ्यावर चढायच्या आधी.

पायवाट

सगळ्यांचं घेऊन नवी आखणी.

६:४५ पैठण गेट, बाहेरून. चार नावं, चार सालं. आत-बाहेर.
७:०५ टिळक पथाने गुलमंडी. हिमरूचा तुकडा, उलट बाजू. चहा-पोहे, स्वच्छतागृह. २० मिनिटं.
७:३५ मछली खडक, सिटी चौक. इथे न थांबता, फक्त वळणावर मोजणी.
८:०० भडकल गेट. १६१२ आणि १६८२ यातला फरक. दर्जा, खार, पिंपळ.
८:४० पाणचक्की. वडाखाली नळी, मग हौद, मग चक्की. शेवटी महमूद दरवाजा आवाराजवळून.
९:३० समाप्त. मकबऱ्याला जाणाऱ्यांसाठी रिक्षा आधी ठरवलेल्या.

२० जण, पुढे एक, मागे एक. स्पीकर फक्त भडकल गेटला, पाणचक्कीत बंद.

पाणीपुरवठा

बरोबर. भडकल ते पाणचक्की जाताना घाटी रुग्णालयाकडचा रस्ता लागतो, रुग्णवाहिका सतत असतात. तिथे एका ओळीत, डावीकडून, आणि कुणी थांबून काही दाखवायचं नाही.

सहल_ताई

पायवाट दादा, पहिल्या फेरीआधी एक रविवार याच वेळेला पाच जणांत चालून बघा, घड्याळ लावून. भडकलला पोचायला ८:१५ झाले तर गुलमंडीचा चहा १० मिनिटांवर आणा. पाणचक्कीचा वेळ कापू नका.

ताणाबाणा

हिमरूचा तुकडा माझ्याकडून. सोमवारनंतर निरोप करा, दोन वितींचा एक आणि तुलनेला नकली एक असे दोन देतो.